पकड

गुरुवारी संध्याकाळी शाळेची व्यायामशाळा आमची.
चार टेबलं, त्यातल्या एकाचा पाय लंगडा,
त्याखाली बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा.
एल्बेवरचं धुकं खिडकीशी येऊन थांबतं,
आत येत नाही. आत लुट्स असतो.

तीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढलेला लुट्स.
कारखाना गेला, चिमणी पाडली,
रबराचं नाक तेवढं त्याच्याकडे राहिलं.
नवं पाकीट फोडलं की आधी हुंगतो,
मग अंगठा दाबून सोडतो
आणि स्पंज वर यायला किती वेळ घेतो
ते डोळे मिटून मोजतो.

यानिक चौदाचा. त्याला सर्वांत वेगवान हवं,
सर्वांत जाड, मोबाईलमधली पोरं मारतात तसलं.
लुट्स म्हणाला, घोडा तुला हवाय, की तू घोड्याला?
आणि दिलं दीड मिलिमीटरचं, मऊ, गरीब गायीसारखं.
पोरगा महिनाभर फुगून होता.
मग चेंडू टेबलावर पडायला लागला,
तरी फुगलेलाच होता. वय असतं.

माझं म्हणाल तर मी टपाल वाटते, सायकलवर.
या हिवाळ्यात माझा टॉपस्पिन जाळ्यात जायला लागला.
एकदा, दोनदा, मग दर गुरुवारी.
मी गुडघ्यांना विचारलं, चष्म्याला विचारलं,
खांद्याला रात्री शेक दिला,
कुणापाशी बोलले नाही.
बॅटला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?
नाचता येईना त्याचीच ती म्हण.

लुट्सने चेंडू लाल बाजूवर टेकवून ओढला.
चेंडू घसरला, गोठलेल्या तळ्यावरून घसरावा तसा,
जराही न कुरकुरता.
"हे मेलंय. गेल्या उन्हाळ्यातच गेलं असणार.
रबर बोंब मारून मरत नाही."
गेल्या उन्हाळ्यात बॅट गाडीत राहिली होती,
बाल्टिकच्या किनाऱ्यावर, काचेमागे, दोन आठवडे.
मी सांगितलं नाही. त्याने पुन्हा एकदा हुंगलं,
आणि माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे या खेपेला अंगणही वाकडं होतं.

जुनं रबर मुठीकडून सोलायचं, तिरकं, सावकाश,
घाई केली की लाकडाची साल सोबत निघते.
निघालीच थोडी.
पांढरा गोंद स्पंजवर, पांढरा गोंद फळीवर,
आणि तो काचेसारखा होईपर्यंत बसून राहायचं.
एवढ्या वेळात लुट्स बोलतो. कारखान्याबद्दल नाही.
पाणी, म्हणतो, नुसतं पाणी,
ओल्या स्पंजने खालून वर, एकाच दिशेने,
मांजराला कुरवाळतात तसं.
मग ती पातळ फिल्म, आणि अंधार.
हीटरवर बॅट वाळवणाऱ्यांशी त्याचं जमत नाही.
झीगलिंडेशी तर नऊ वर्षं अबोला आहे.

रिकामी बाटली त्याने लाटण्यासारखी फिरवली,
कात्री कडेकडेने गेली,
लाल चिंधी जमिनीवर पडली, संत्र्याच्या सालीसारखी वळलेली.
यानिकने ती उचलून खिशात टाकली.
का, ते त्यालाच माहीत.

माझा पहिला फटका छताला,
दुसरा यानिकच्या कानाजवळून.
तो हसला. इतक्या दिवसांत त्याचे दात
मी पहिल्यांदा पाहिले, त्यांना तारा लावल्यात.
शनिवारी झीगलिंडेकडून सरळ तीन गेम हरले,
आणि खांदा दुखला तो दुखलाच.
म्हणजे थोडं खांद्याचंही होतं.

आता रात्री स्वयंपाकघरात
मी रबरावर तोंडाने वाफ सोडते,
क्षणभर लाल रंगावर धुकं बसतं, मग विरतं.
पुसते. फिल्म टेकवते एका कडेपासून.
नवरा वर्तमानपत्राआडून विचारतो,
"कुणाला झोपवतेयस?"
मी उत्तर देत नाही.
कोपऱ्यात एक बुडबुडा अडकलाय,
त्याला अंगठ्याने हळूहळू दाराकडे नेतेय.